मायाक्काची साक्ष

वैशाखात मेंढरांना सर्दी होत नाही. झाली तर पावसात होते, नाहीतर मार्गशीर्षातल्या गारठ्यात. म्हणून त्या सकाळी, मेंढरं रात्री कोंडायच्या वाघरीची जाळी सोडताना चितकबऱ्या मेंढीचं नाक वाहताना दिसलं, तेव्हा मायाक्कानं हातातली जाळी तशीच टाकली. तिनं मेंढी दोन मांड्यांत घट्ट धरली आणि ओठ वर सारून बघितला. हिरड्या लालभडक झालेल्या, त्यांच्यावर कोंडा पसरावा तसे पापुद्रे आलेले. तोंडाला घाण वास येत होता आणि कान हाताला चटका देत होते. तिला सोडून मायाक्कानं दुसरी धरली, मग तिसरी. दोघींचीही तीच गत होती.

"आता गं बाई," ती मोठ्यानं म्हणाली, पण ऐकायला कुणी नव्हतं.

नवरा येडू उजनीच्या काठाला केळीच्या गाड्या भरायला गेलेला. उन्हाळ्यात माळावर हाताला काम नसतं, म्हणून तो तिकडं जायचा आणि कधीतरी आठवडा-पंधरवड्यानं उगवायचा. मेंढरांचं सगळं मायाक्काच बघायची. वेळापूरपासून आत, फाट्यावर उतरून बरंच चालल्यावर त्यांचा माळ लागतो. तिथं घरं दोनच, धाकट्या येडूचं आणि थोरल्या बिरुदेवाचं. वाटणी झाली तेव्हा बोअर थोरल्याच्या तुकड्यात गेलं, पण पाणी मात्र दोघांचं, असं चार माणसांत ठरलं. बोअरशेजारी सिमेंटचा लांबडा हौद होता. दोन्ही घरची मेंढरं त्याच हौदावर प्यायची.

आता मायाक्काचं एक सांगायला पाहिजे. नाव देवीचं, कूळ बिरोबाचं, आणि बाई येशूची. लग्नानंतर काही वर्षं तिचं अंगावरून जायचं ते थांबेनाच. दवाखाने झाले, देवदेव झाले, आणि बाई वाळून चिपाड झाली. शेवटी वेळापूरच्या कडेला पत्र्याच्या शेडात प्रार्थना होते तिथं कुणीतरी तिला नेलं. तिथं ती रडली, उपास केले, आणि हळूहळू बरी झाली. गोळ्यांनी झाली की प्रार्थनेनं, यावर माळावर अजून वाद आहे. मायाक्काच्या मनात मात्र वाद नव्हता. पाळकांनी बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मार्था नाव सुचवलं, तर म्हणाली, "आयनं ठिवल्यालं नाव बदलाया मी काय पोलिसाला चुकवून पळून आलीया व्हय?" तो विषय तिथंच मिटला. पण तेव्हापासून तिनं कपाळाला भंडारा लावला नाही, आणि देवाच्या बकऱ्याचं मटण तोंडात घातलं नाही. थोरले दीर बिरुदेव यावरून तिच्याशी नीट बोलत नसत. जाऊ वच्छला मात्र बोलायची. मायाक्का आजारी असताना तिची रक्तानं भरलेली लुगडी याच जावेनं धुतली होती, आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

निरोप गेल्यावर दुपारपर्यंत जनावरांचे सरकारी डॉक्टर मोटरसायकलवरून आले. चार-दोन मेंढ्या तपासून त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला आणि मानेवरचा घाम पुसला.

"बुळकांडी आहे. लसीच्या शिबिराला का आला नाहीत?"

"शिबिर झालं तवा आमी दोनी घरची मेंढरं घिऊन चारनीला गेलतो की."

"आता आजारी वेगळ्या करा. हे बघा बाई, हा रोग शेंबडातून, लाळेतून पसरतो. एका पाण्यावर प्यायला नेलं की संपलं. तुमचा कळप त्या हौदावर अजिबात नेऊ नका. आणि जावेला सांगा, त्यांच्या मेंढ्या अजून चांगल्या दिसतायत. उद्याच माझ्याकडं या म्हणावं, लस टोचून टाकू."

"सांगते की," मायाक्का म्हणाली.

ती सांगणारही होती. दिवस कलताना वच्छला मेंढरं घेऊन परत आली, हौदाच्या कडेला टेकली आणि पदरानं वारा घेत तिकडूनच ओरडली, "डाक्टर कशापाय आलता गं माये?"

मायाक्कानं तोंड उघडलं. तेवढ्यात बिरुदेव बोअरच्या पेटीजवळ वाकलेले दिसले, आणि आता ते काय म्हणतील ते तिला आधीच ऐकू आलं. मागं तिचं एक कोकरू कोल्ह्यानं नेलं तेव्हाही ते म्हणालेच होते, देव सोडल्यावर राखण कोण करणार. आता तर अख्खा कळप आजारी. माळभर, गावभर होईल, येशूवालीच्या मेंढरांना रोग लागला. प्रभूचं नाव खाली पडेल.

"एकीचं पॉट बिगाडलंया," ती म्हणाली.

प्रभूचं नाव खाली पडेल, ही सबब तिला पटली, कारण ती देवाच्या बाजूची होती. खरं तर तिला स्वतःची मान खाली गेलेली नको होती. पण एवढं खणून बघायला त्या दिवशी वेळ कुणाला होता? उद्या एकटी वच्छला भेटली की सांगू, असं ती मनाशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी वच्छला भेटली, तेव्हा काल खोटं का बोललीस हा प्रश्न मध्ये आला. तिसऱ्या दिवशी तर तो आणखी मोठा झाला.

हौदावर मात्र तिनं मेंढरं नेली नाहीत. त्यासाठी तिनं हाडाची काडं केली. ओढ्यापल्याड एक जुनी विहीर होती, पाणी पार तळाला. मेंढरं खाली उतरू शकत नव्हती. मायाक्का दोर सोडून कळशी शेंदायची, घागर भरायची, डोक्यावर घागर आणि कंबरेवर कळशी घेऊन ओढा चढून यायची आणि घमेल्यात ओतायची. तापलेली मेंढरं घमेल्यावर तुटून पडायची, घमेलं उपडं व्हायचं, अर्धं पाणी माती प्यायची. मग पुन्हा विहीर. दोरानं तळहात सोलले, तर तिनं त्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. मधल्या वेळात आजारी मेंढरांची तोंडं तुरटीच्या पाण्यानं धुवायची, हगवणीनं लडबडलेली मागली अंगं पुसायची, मेलेलं कोकरू ओढून नेऊन खड्डा घ्यायचा. रात्री अंग टाकलं की खांद्यातून कळ निघायची. माळावर सावलीला एक बाभळ, बाकी दगड आणि ऊन. कष्टाला ती कधी भ्यायली नव्हती, पण या कष्टाला कुठं शेवट दिसत नव्हता.

जाऊ लांबून बघायची. "हितं हौद भरल्याला असताना वड्यापल्याड कशाला मरतीस गं?" असं तिनं एकदा विचारलंही.

"माज्या मेंढरांला हितलं पानी सोसना झालंय," मायाक्का म्हणाली. हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

आणि मग ती दुपार आली. वाऱ्याची झुळूक नाही. मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून धापा टाकत होती. मायाक्का तिसऱ्या खेपेला ओढा चढत होती. खांदा आधीच भरून आलेला, घागर डोक्यावर हलली, ती सावरायला गेली तर हात वर जाईचना. घागर पडली आणि चेपली. ती तिथंच गुडघ्यावर बसली. पाणी तिच्या डोळ्यांदेखत दगडांतून उताराला गेलं.

वर आली तर चितकबरी मेंढी आडवी पडलेली, जीभ बाहेर. तिचं लहान कोकरू सडाला ढुसण्या देत होतं आणि सडात काही नव्हतं. समोर हौद काठोकाठ भरलेला. वच्छला मेंढरं घेऊन उसाच्या तुटलेल्या फडात गेली होती, बिरुदेव वेळापूरला. चिटपाखरू नव्हतं.

मायाक्कानं डोळे मिटले. "प्रभू, मला हिकडं बघू दिऊ नगंस," ती म्हणाली. ती मनापासूनच म्हणाली, यात खोटं नाही. पण डोळे मिटून किती वेळ बसणार? उघडले की पुढ्यात पाणी. पाणी काय कुणाच्या बापाचं, वाटणीतच ठरलंय दोघांचं. मुकी जनावरं तहानेनं मारायची, हे तरी देवाला चालेल का? डॉक्टर काय, पुस्तकातलं सांगतात. उन्हानं हौद तापतो, तापल्या पाण्यात रोग राहतो कुठला. अशी एकेक सबब आपल्या पायानं चालत आली. एकही तिला बोलवावी लागली नाही.

तिनं उठून मधल्या कुंपणाची काट्याची झाप बाजूला ओढली.

मेंढरं आवरलीच नाहीत. हौदाच्या दोन्ही कडांनी तोंडं बुडाली आणि नुसता घोट घेतल्याचा आवाज यायला लागला. तो आवाज ऐकून मायाक्काच्या घशाला पडलेली कोरडसुद्धा कमी झाली. इतकं बरं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. कोकराला तिनं उचलून हौदाच्या कडेवर धरलं, तेही चुरूचुरू पाणी प्यायलं. मग मेंढरं मागं हटली आणि पाण्यावर शेंबडाच्या तारा दिसल्या. जागोजागी, लांबच लांब, हिरवट.

हौद उपसून टाकावा म्हणून ती तळाच्या बोळ्याकडं धावली. बोळा काढला तर पाणी जाईल, पण मग भरायचं कशानं? लाईट दिवस मावळल्याशिवाय येत नव्हती. वच्छलाची मेंढरं तहानलेली येणार, रिकामा हौद बघणार, कुणी सोडला विचारणार. मायाक्कानं बोळ्यावरचा हात काढला. ओंजळीनं ती शेंबूड उचलून बाहेर फेकायला लागली. चिंध्या बांधलेल्या हातांनी, एकेक तार शोधून. पाणी वरून स्वच्छ दिसेपर्यंत ती तेच करत राहिली. मग मेंढरं हाकून बाभळीखाली नेली, झाप होती तशी लावली, आणि धुळीतले खुरांचे माग पायानं पुसून टाकले.

संध्याकाळी वच्छलाची मेंढरं आली आणि हौदावर वाकली. मायाक्का आपल्या दारात उभी राहून बघत होती. अजूनही ओरडली असती तर झालं असतं. ती ओरडली नाही.

आठवडा गेला आणि वच्छलाच्या कळपाला नाकं सुटली. तिकडं तर गाभण मेंढ्या जास्त. त्या पटापट गाभडायला लागल्या, मग आडव्या पडायला लागल्या. डॉक्टर पुन्हा आले, पुढच्या गावाची घाई होती, लसीचं कुणाशी न बोलता सुया दिल्या आणि हात पुसत निघून गेले. त्यांनी मायाक्काकडं एकदा बघितलं तेव्हा ती घमेलं घासत बसली. बिरुदेव खड्डे काढत होते, मीठ आणि चुना टाकत होते. वच्छलानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली एक मेंढी होती, घरात चुलीपर्यंत यायची. ती मेली तेव्हा वच्छलानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि माणूस गेल्यासारखा गळा काढला. मायाक्काच्या घरापर्यंत ते ऐकू येत होतं. जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलं, आणि आपला हात कुठं लागला होता ते आठवून ती उठली नाही.

येडू घरी आला तोवर दोन्हीकडं थोडकीच मेंढरं उरली होती. त्या संध्याकाळी बिरुदेव झापेपाशी येऊन उभे राहिले. भावजयीशी ते सरळ बोलत नसत, म्हणून भावाशीच बोलले. पण आवाज तिच्यासाठी होता.

"येडू, मी आजवर गप ऱ्हायलो. बाई देव सोडून गेली, तू गप, मीबी गप. आता बग. आदी तुजी मेंढरं धरली, मग माजी. देव उठलाय आपल्यावर. ह्या बाईचं पाऊल हितनं फुडं माज्या हौदावर पडाया नगं."

मागं वच्छला उभी होती. तिनं मायाक्काकडं बघितलं नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

यातली खरी भयंकर गोष्ट मायाक्कालाच ठाऊक होती. बिरुदेव बोलत होते तेव्हा तिला आतून हलकं वाटलं. म्हणजे यांना कळलेलं नाही. यांना वाटतं देव कोपला. येशूमुळं आपल्याला बोल लागतोय, तर लागू दे, तो आपण सोसू. आणि मग त्या हलकेपणाची तिला भीती वाटली.

त्या रात्री चुलीपुढं तिनं येडूला सांगून टाकलं. सगळं, पहिल्या खोट्यापासून.

येडू बराच वेळ पायाचा अंगठा चोळत राहिला. "कुनी बगितलं का?"

"न्हाय."

"मंग गप ऱ्हा. आता सांगून मेंढरं जित्ती हुनार हायती का? आदीच त्यो बोलंना झालाय. ह्ये कळलं तर दादा मला जल्मात दारात हुबा करनार न्हाय." आणि थोड्या वेळानं, "पानी पाजलंस, इख तर न्हाय पाजलंस," असंही तो म्हणाला. तो बायकोला धीर देत होता की स्वतःला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

रविवारी ती वेळापूरला प्रार्थनेला गेली. पाळक अजिनाथ हा पूर्वीचा टेम्पो ड्रायव्हर. शिकलेला फार नाही, पण माणूस सरळ, आणि बोलला की समोरच्याला आपल्याच घरातलं बोलतोय असं वाटायचं. त्या दिवशी तो मोहाबद्दल बोलला.

"मोह आला म्हणजे पाप झालं, असं नसतं. मोह प्रभूलासुद्धा आला. कधी आला? जेवलेला असताना नाही. रानात, उपाशी, एकटा असताना आला. आणि आला तो भाकरीचंच बोलला, वाईट काही नाही बोलला. मोह आपल्या गरजेचंच बोलतो, म्हणून तर ऐकावंसं वाटतं. ऐकून घेतलं आणि हात पुढं केला, तिथनं पाप सुरू होतं. आणि पाप एकटं कधी राहत नाही, झाकायला दुसरं लागतं. बागेत काय झालं? फळ खाल्लं आणि आधी काय केलं? पानं गुंडाळून झुडपात लपले. देवानं हाक मारली तर गडी बाईकडं बोट दाखवतो, बाई सापाकडं. मी केलं, असं कुणी म्हणेचना."

मायाक्कानं पदर तोंडावर ओढला. एवढ्यात पाळकानं तिचंच नाव घेतलं.

"आपल्या मायाक्काबाई आज इथं आहेत. प्रभूचं नाव सोडलं नाही म्हणून घरच्यांनी यांचं पाणी बंद केलंय. मेंढरं गेली, तरी ही बहीण डगमगली नाही. बाई, उठा, साक्ष द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीनं तिचा हात धरून तिला उभं केलं. सगळे तिच्याकडं बघत होते तसं तिच्याकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. मान वर करून नुसतं 'प्रेज द लॉर्ड' म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

"मी लई पापी हाय," ती म्हणाली.

"आमेन," सगळे म्हणाले.

"माज्यामुळंच मेली ती मेंढरं. माज्या हातनं झालं."

"बघा, कशी नम्रता!" पाळकानं दोन्ही हात वर केले. "लोकांनी टाकलेला आळ पण ही बहीण आपल्या डोक्यावर घेतीय. हालेलुया!"

शेड दणाणून गेलं, कुणीतरी ढोलकी वाजवली, गाणं सुरू झालं. मायाक्का उभीच होती. तिचं बोलणं संपलेलं नव्हतं, पण ते कुणाला नको होतं.

गाणं आटोपून लोक पांगले तेव्हा तिनं पाळकाला नळाजवळ गाठलं आणि धडाधडा सगळं सांगितलं. डॉक्टर, हौद, शेंबूड, खुरांचे माग. अजिनाथच्या हातातली बादली भरून वाहायला लागली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"तुम्ही... जाणूनबुजून?"

"व्हय. डाक्टर सांगून गेलता. मला म्हाईत हुतं."

तो खाली बसला. "देवाजवळ मागा माफी. तो करतोच. आणि जावेला जाऊन सांगा. ते केल्याशिवाय सुटका नाही, बाई." मग त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "पण लगेच नको. थोडं थांबा. आत्ता कळलं तर म्हणतील, विश्वासी बाईनं मेंढरांना रोग पाजला. शेडाला कुलूप लावतील. प्रभूचं नाव खाली..."

मायाक्का त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. हेच शब्द तिच्या मनात होते, त्या पहिल्या संध्याकाळी. अजिनाथलाही काहीतरी उमगलं असावं. तो ओशाळला आणि उगाच नळ बंद-चालू करत बसला.

"मला नाही सांगता येत, बाई," तो शेवटी म्हणाला. "तुमचं तुम्ही बघा."

फाट्यावरून माळापर्यंत ती चालत आली ती सरळ जावेच्या दारात. वच्छला भाकरी थापत होती. मायाक्काला बघून तिचे हात थांबले, पण तिनं हाकललं नाही.

"जाऊबाय, बसू का?"

"बस की. तुला कवा न्हाय म्हनलंय?"

मायाक्का उंबऱ्याशी बसली. "देव न्हाय कोपला. म्या केलं. डाक्टरनं हौदावर न्हिऊ नगं म्हनून सांगितलं हुतं. तुमास्नी लस टोचून घ्या म्हनलं हुतं. म्या सांगितलं न्हाय. आनि त्या दुपारी तुमी फडात गेलतासा, तवा आजारी मेंढरं हौदावर पाजली. त्येच पानी तुमची मेंढरं प्याली."

वच्छलानं परातीतला पिठाचा गोळा उगाचच दाबला. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पान्यानं कुटं मेंढरं मरत्यात, माये? इतकी वर्सं एका हौदावर प्याली की."

"रोग हुता त्येस्नी. शेंबडातनं जातो म्हनं. म्या हातानं उचलून टाकला शेंबूड."

"तुला त्या पास्टरनं धाडलंय."

"न्हाय वं. त्यो तर सांगू नगं म्हनाला."

"मंग तुज्या मनानं आलीस." वच्छला हात तसेच पिठानं भरलेले घेऊन तिच्याजवळ सरकली. "म्या वळखते की तुला. देवाचं नाव खराब हुतंय म्हनून तू सोताच्या डोक्यावर घेतीस. तुज्या येशूला वाचवाया. लई इमानी हायस गं तू. एवड्या इमानानं आमच्या देवाजवळ ऱ्हायली असतीस तर..."

"जाऊबाय, आय शपत, खरं सांगती!"

"गप. माज्या मेंढरांला तू मारचील? तू?" ती रडत हसली. "कोल्ह्यानं न्हेल्याल्या कोकरापाय दोन दिस जेवली न्हवतीस, त्यी तू?"

यापेक्षा जावेनं झिंज्या धरल्या असत्या तर बरं झालं असतं. ती इतका विश्वास ठेवत होती की खरं आत शिरायला जागाच नव्हती.

बिरुदेव मागच्या दारानं आत आले होते. त्यांनी किती ऐकलं कुणास ठाऊक. ते कोनाड्याकडं तोंड करून म्हणाले, "आली हाय न्हवं आपल्या पायानं? मंग देवाला हात जोडाया सांग. म्हागलं सगळं सोडून देतो मी."

वच्छलानं हात पदराला पुसले, कोनाड्यातली भंडाऱ्याची पिशवी काढली आणि मायाक्काच्या समोर बसली. "एकडाव लाव. बास. उद्यापास्नं तुजी मेंढरं हौदावर, तू माज्या संगं. मला एकटीला ह्यो माळ खायाला उठतोय गं."

मायाक्कानं पिवळ्या चिमटीकडं बघितलं. हे लावलं की काय लावलं, हे तिला चांगलं कळत होतं. देवानं मेंढरं मारली, असं आपल्या कपाळानं कबूल करायचं. म्हणजे हौदाचं कायमचं गाडून टाकायचं, वर दगड ठेवायचा. या खेपेला तिला कुठली सबब सुचली नाही, आणि तिनं शोधलीही नाही. नुसतं एवढंच होतं की इतके दिवस तिला कुणी जवळ घेतलं नव्हतं, आणि जावेच्या अंगाला धुराचा, लोकरीचा, घरचा वास येत होता. विरोध करायला जेवढं बळ लागतं तेवढं तिच्यात उरलंच नव्हतं.

तिनं मान पुढं केली.

वच्छलानं कपाळभर भंडारा फासला आणि तिला छातीशी ओढून धरलं. दोघी रडायला लागल्या. एकीला वाटलं, आपण दोघी एकाच गोष्टीसाठी रडतोय. बिरुदेव घसा खाकरून बाहेर गेले आणि येडूला हाका मारायला लागले, कितीतरी दिवसांनी, नावानं.

"झालं. फिटलं सगळं," वच्छला तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "आमी माफ केलं तुला."

"जाऊबाय, त्ये पानी..."

"आता त्येचं नाव काडायचं न्हाय. देवानं बगितलंय सगळं. वाळलीस किती, बग. जेव."

तिनं तव्यावरची भाकरी काढून ताटलीत घातली, वर ठेचा घातला आणि ताटली मायाक्काच्या पुढं सरकवली. मायाक्कानं एकवार तिच्या तोंडाकडं बघितलं आणि भाकरीचा तुकडा मोडला.